रुंदी मोजली, उंची राहिली: मुंबई-गोवा महामार्गावरच्या एका नाक्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका नाक्याचं आहे. गावाचं आणि माणसांची नावं देत नाही, ओळख पटेल असे एक-दोन तपशील बदलले आहेत. नाक्यावर दुकान असलेल्या ज्या कुटुंबाचं हे प्रकरण आहे, त्याचा मी शेजारी. नोटिसा वाचून दाखवणं, अर्ज लिहून देणं, तालुक्याला सोबत जाणं एवढाच माझा संबंध होता, पण तो कित्येक वर्षं चालला. महामार्गालगत घर-दुकान असलेल्या कोकणातल्या शेकडो कुटुंबांवर चौपदरीकरणात जागा जाण्याचा असाच प्रसंग आलेला आहे, आणि अजून काही ठिकाणी येणार आहे. म्हणून हे सगळं नीट लिहून ठेवावंसं वाटलं.

आधी रस्त्याबद्दल, कारण रस्ता कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

कोकणातले जुने मोठे रस्ते आडवे आहेत, बंदरापासून घाटमाथ्याकडे जाणारे. चिपळूणहून कुंभार्ली घाटाने कऱ्हाड, रत्नागिरीहून आंबा घाटाने कोल्हापूर, खाली फोंडा, आंबोली. माल बंदरात उतरायचा आणि बैलांच्या पाठीवर देशावर चढायचा. मुंबई गाठायची तर बोट होती. उत्तर-दक्षिण असा सलग रस्ता ही त्यामानाने अलीकडची गोष्ट, आणि तो निसर्गाला आडवा जातो. सह्याद्रीतून उतरणारी एकेक नदी त्याला ओलांडावी लागते: सावित्री, जगबुडी, वाशिष्ठी, शास्त्री, बावनदी, काजळी, मुचकुंदी, अर्जुना, गड. दोन नद्यांच्या मध्ये डोंगराची सोंड. त्यामुळे पनवेल सोडून पेण, माणगाव, महाड, पोलादपूर, खेड, चिपळूण, संगमेश्वर, लांजा, राजापूर, कणकवली, कुडाळ करत गोव्याच्या हद्दीवर पत्रादेवीला पोचेपर्यंत हा रस्ता सतत चढतो आणि उतरतो. पुढे तो राष्ट्रीय महामार्ग १७ झाला, पनवेलपासून कोचीजवळच्या एडापल्लीपर्यंत. २०१० च्या फेररचनेत क्रमांक ६६ झाला आणि दक्षिणेचं टोक कन्याकुमारीला गेलं. आमच्याकडे त्याला कोणी नंबराने ओळखत नाही. हायवे म्हणतात, नाहीतर नुसता रस्ता.

आमचा नाका या रस्त्याच्या एका खळग्यात आहे. मुंबईकडून येताना रस्ता वळण घेत खाली उतरायचा, दगडी मोरीवरून पऱ्या ओलांडायचा आणि लगेच चढाला लागायचा. या खळग्यात प्रत्येक गाडीचा वेग कमी व्हायचा. चढ चढण्याआधी ट्रकवाले इंजिनात पाणी भरायला थांबत. पाणी पऱ्याचं, आणि पऱ्याच्या काठावर दादांच्या, म्हणजे या घरातल्या कर्त्या माणसाच्या, वडिलांची टपरी. टपरीचं दुकान झालं, दुकानामागे चिऱ्याचं घर झालं, रातराण्या थांबू लागल्या. वहिनी पहाटे साडेचारला चूल पेटवायच्या. घावणे, उसळ, चहा. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली तेव्हा नाका बसणार असं सगळे म्हणत होते. बसला नाही. गाड्या वाढतच गेल्या.

त्या खळग्याने हे दुकान दिलं होतं. ही गोष्ट आमच्यापैकी कोणाच्याही लक्षात नव्हती, आणि पुढचं सगळं प्रकरण तिच्याभोवती फिरतं.

कुटुंबाची बाजू अशी: दादा घरातले कर्ते, तेव्हा साठी ओलांडलेले. वहिनी आणि त्यांचा मुलगा दुकान बघत. धाकटे भाऊ, ज्यांना घरात अण्णा म्हणतात, गिरणीच्या निमित्ताने मुंबईला गेले ते तिकडचेच झाले. थोरली बहीण, अक्का, चिपळूण बाजूला दिलेली. शिवाय मयत चुलत्यांची मुलं, काही मुंबईला, काही पुण्याला. सातबारावर चौदा नावं, त्यातली पाच माणसं हयात नव्हती. कोकणात हे नवीन नाही. सामाईक खातं, गावी राहणारा एक, आणि बाकीचे गणपतीला येणारे.

अडचण काय होती

चौपदरीकरणाचं काम उत्तरेकडून सुरू झालं. पळस्पे ते (रायगड जिल्ह्यातलं) इंदापूर हा ८४ किलोमीटरचा टप्पा २०११ पासून हाती घेतला होता, आणि तो कसा रखडला हे साऱ्या महाराष्ट्राला माहीत आहे. इंदापूरच्या दक्षिणेकडची भूसंपादनाची प्रक्रिया त्यानंतर वेगाने सुरू झाली. आमच्या गावाची अधिसूचना वर्तमानपत्रात आली तेव्हा बारीक टाइपात सर्व्हे नंबर आणि हिस्से छापलेले होते. त्यात दादांचा हिस्सा सापडायला मला दोन दिवस लागले.

राष्ट्रीय महामार्ग अधिनियम १९५६ प्रमाणे या कामाच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. कलम ३अ खाली संपादनाचा इरादा जाहीर होतो. त्यानंतर २१ दिवसांत हरकत घेता येते. मग ३ड ची घोषणा होते, आणि ती झाली की जमीन शासनाची. मोबदला त्यानंतर ठरतो. म्हणजे जमीन जाणार की नाही यावर बोलायची खरी जागा ते २१ दिवस. आमच्या हातात वर्तमानपत्र आलं तेव्हा त्यातले नऊ गेले होते.

अकरा गुंठ्यांपैकी चार जाणार होते. दुकान पूर्ण, पडवी पूर्ण, घराची पुढची खोली अर्धी, विहीर काठावर.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय गावाचा होता: वळणरस्ता मागायचा. वरच्या सड्यावरून, म्हणजे कातळाच्या माळावरून, रस्ता नेला तर नाक्यावरचं एकही घर पडत नव्हतं. यावर देवळात बैठक झाली आणि ती पहाटेपर्यंत चालली. घरं वाचवायची होती ते वळणरस्त्याच्या बाजूने, धंदा वाचवायचा होता ते विरोधात. दोन्ही माणसं बरेचदा एकाच घरातली होती. दादा मध्ये उठून म्हणाले, "रस्ता लांब गेला तर घर राहील, पण त्या घरात आम्ही खाणार काय?" त्यावर कोणाकडे उत्तर नव्हतं. शेवटी गावाने वळणरस्ता मागितला नाही. रुंदी जरा कमी करा, एवढीच सामूहिक हरकत दिली.

दुसरा पर्याय, रस्त्याची मध्यरेषा समोरच्या बाजूला सरकवा असं मागणं. समोर देवस्थानची जागा आणि वड होता. दादांनीच तो पर्याय बाजूला ठेवला. देवाच्या अंगणात रस्ता ढकलून आपलं अंगण राखायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. या निर्णयाबद्दल त्यांना आजही खंत नाही, आणि मला तो त्यांच्या सगळ्या निर्णयांतला सर्वात स्वच्छ निर्णय वाटतो.

तिसरा पर्याय, जमीन द्यायची आणि मोबदला भरपूर घ्यायचा. १ जानेवारी २०१५ पासून महामार्गाच्या संपादनालाही २०१३ च्या भूसंपादन कायद्याप्रमाणे मोबदला मिळू लागला होता, म्हणजे बाजारभावावर गुणांक आणि त्यावर शंभर टक्के दिलासा रक्कम. आमचा निवाडा त्यानंतरचा असल्याने आकडा पूर्वीच्या मानाने बरा येणार होता. मात्र चौदा नावांत वाटणीवर एकमत झालं नाही तर कलम ३ह प्रमाणे प्रकरण दिवाणी न्यायालयात जातं आणि रक्कम तिथे पडून राहते.

या तिन्ही चर्चांमध्ये आमच्यासमोर एकच कागद होता, मोजणीचा नकाशा. मध्यरेषेपासून दोन्ही बाजूंना किती मीटर, हे आम्ही पट्टीने मोजत होतो. चुन्याच्या रेषा, पिवळे खांब, कोणाच्या पायरीपर्यंत आणि कोणाच्या तुळशीपर्यंत. रस्ता म्हणजे रुंदी, असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो.

काय केलं

संयुक्त मोजणीच्या दिवशी दादा गावात नव्हते. अण्णांचं ऑपरेशन होतं म्हणून ते मुंबईला गेले होते. मुलाने मोजणी दाखवली. पडवी पत्र्याची म्हणून तात्पुरत्या बांधकामात गेली, विहीर हद्दीबाहेर धरली गेली, आणि घरामागचा मोठा फणस यादीत आलाच नाही. आठवड्याने फोटो, ग्रामपंचायतीची घरपट्टीची पावती आणि पंचनाम्याची मागणी जोडून अर्ज केला. फेरपाहणी झाली. पडवी आणि फणस आले, विहिरीचं राहिलं. त्या दिवशी घरात एक जाणतं माणूस कमी होतं, त्याची भरपाई करायला चार महिने गेले.

नंतर नावांचा प्रश्न. मयतांच्या वारसनोंदी आधी कराव्या लागल्या. फेरफार, वारसांचे दाखले, पुण्याच्या पुतण्याला दोनदा तलाठ्याकडे बोलावणं. यात सगळ्यात अवघड क्षण अक्कांचा होता. दादांनी रीतीप्रमाणे बहिणीला हक्कसोड पत्रावर सही करायला सांगितलं. अक्कांनी कागद वाचला, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "दादा, पैसे तू ठेव हवं तर. पण माझं नाव मी माझ्या हाताने पुसणार नाही. बाबांनी तो फणस माझ्या जन्माच्या साली लावला."

दादा दुखावले. दोन महिने बोलणं बंद होतं. वहिनी एकट्याच चिपळूणला जाऊन आल्या आणि परत आल्यावर त्यांनीच तोडगा सुचवला: बांधकामाचा मोबदला जो त्या घरात राहिला आणि ज्याने ते उभं केलं त्याचा, म्हणजे दादांच्या कुटुंबाचा. जमिनीचा मोबदला घराण्याच्या शाखांत समान, आणि प्रत्येक शाखेत बहिणींसकट. झाडांचा मोबदला दादा आणि अक्का यांच्यात. हे ऐकून अण्णांनी मुंबईहून फोनवरच होकार दिला. मुंबईचे चुलतभाऊही तयार झाले, कारण बांधकामाचा प्रश्न वेगळा काढल्यावर जमिनीत कोणावर अन्याय राहत नव्हता. स्टॅम्पपेपरवर संमतीपत्र झालं. एका वाटणीसाठी भावंडं कायमची तुटलेली मी याच पट्ट्यात पाहिली आहेत. वहिनींनी शोधलेली वाट त्यांच्या कामी यावी असं मला मनापासून वाटतं.

अजून एक टप्पा सांगायला हवा. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडला सावित्री नदीवरचा १९२८ सालचा दगडी पूल पुरात वाहून गेला आणि दोन एसटी गाड्या, इतर वाहनं पाण्यात गेली. त्यानंतर काही दिवस वाहतूक वळवलेली होती आणि आमच्या नाक्यावर दिवसाढवळ्या कुत्री रस्त्याच्या मधोमध झोपत होती. दादा तोवर ताबा द्यायला का-कू करत होते. त्या आठवड्यात ते गप्प झाले. रातराणीचे चालक त्यांच्या दुकानात चहा पिऊन पुढे जाणारे, रोजच्या ओळखीचे. "जुन्या पुलांवर आता भरवसा ठेवून चालायचं नाही. रस्ता होऊ दे," असं त्यांनी मला सांगितलं. सावित्रीवरचा नवा पूल जून २०१७ मध्ये खुला झाला. त्याच्या आधीच दादांनी ताबा दिला होता.

मोबदला हातात आल्यावर मुलाने उरलेल्या मागच्या अर्ध्या घराची दुरुस्ती काढली आणि पुढच्या बाजूला दुकान बांधलं. नवा रस्ता थोडा उंच होईल या अंदाजाने त्याने जोतं चिऱ्याच्या तीन थरांनी वाढवलं. मोबदल्यातली मोठी रक्कम तिथे गेली.

काय झालं

पुढच्या वर्षी भराव पडायला लागला. डंपर येत होते, रोलर फिरत होता, आणि माती चढतच होती. पहिल्या महिन्यात जोत्याच्या बरोबरीला आली, मग खिडकीच्या, मग छपराच्या. एका संध्याकाळी मी दुकानात बसलो होतो आणि वरून गेलेल्या टँकरची चाकं पत्र्याच्या पन्हळीच्या रेषेत दिसली. दादा काही बोलले नाहीत. बरणीचं झाकण लावून परत उघडत राहिले.

कारण साधं होतं. चौपदरी महामार्ग वेगासाठी आखलेला असतो. त्यात अचानक खाली जाऊन लगेच वर चढणारा खळगा ठेवत नाहीत. दोन्हीकडचा डोंगर थोडा कापायचा, मधला खळगा भरायचा, पऱ्यासाठी खाली बॉक्स मोरी द्यायची आणि रस्ता सपाट न्यायचा. अपघाताच्या दृष्टीने ते योग्यही आहे. त्या वळणावर माणसं गेलेली मी पाहिली आहेत, आणि आता तिथे अपघात होत नाहीत. पण गाड्या ज्या कारणाने थांबत होत्या, नेमकं तेच कारण या रस्त्याने काढून टाकलं.

मग आम्ही माहितीच्या अधिकारात नकाशे मागितले. जो कागद आम्ही पाहिला होता तो आराखडा. त्याच्या जोडीला लांबछेद नावाचा कागद असतो. त्यात खाली तक्ता असतो. एका ओळीत सध्याच्या जमिनीची पातळी, दुसरीत तयार रस्त्याची पातळी. दादांच्या दुकानासमोरच्या साखळीला, म्हणजे रस्त्याच्या अंतराच्या खुणेला, दोन्ही आकड्यांची वजाबाकी केली, ती पाच मीटरच्या वर आली. हा कागद काम सुरू होण्याच्या बऱ्याच आधीचा होता.

पहिल्या पावसात भरावावरून उतरलेलं पाणी आणि लाल चिखल थेट खळ्यात आला. वहिनींची चूल दोन दिवस पेटली नाही. जोत्याचे ते तीन थर तेवढ्यापुरते उपयोगी पडले. पुढे गावाने मिळून पाठपुरावा केला, काम मध्ये थांबलं तेव्हाही सोडला नाही, आणि सेवा रस्त्याच्या कडेला पक्कं गटार झालं. पाण्याचा प्रश्न बराचसा सुटला.

धंदा बदलला. रातराण्या आता वरून निघून जातात. सेवा रस्त्यावर गावची माणसं, शाळेची मुलं, रिक्षावाले येतात, त्यावर दुकान चालतं, पण पूर्वीच्या निम्म्यावर. मुलाने पुढच्या फाट्यावर, जिथे सेवा रस्ता महामार्गाला मिळतो, तिथे भाड्याने गाळा घेतला आहे आणि वहिनींचे घावणे रोज सकाळी मोटारसायकलवरून तिकडे जातात. विहिरीच्या मोबदल्याचा दावा लवादापुढे आहे. भावंडांत सगळं नीट आहे. अक्का दर गणपतीला येतात.

वेगळं काय करता आलं असतं

लांबछेद आणि काटछेद (रस्त्याच्या आडव्या कापाचा नकाशा) हरकतीच्या २१ दिवसांतच मागायला हवा होता. नकाशा वाचणारा म्हणून दादा माझ्यावर विसंबले होते आणि मला त्या कागदाचं नावही ठाऊक नव्हतं. ही माझी चूक आहे आणि मी ती दादांपाशी कबूल केली आहे. तेव्हा उंची कळली असती तर वळणरस्त्याच्या बैठकीत गावाचा निर्णय कदाचित उलटा लागला असता. धंदा वाचवायचा म्हणून घरं दिली, आणि धंदा त्या रस्त्यावर राहणारच नव्हता. निदान मातीच्या भरावाऐवजी खांबांवरचा पूल मागता आला असता. खालून वाट मोकळी राहिली असती, नाका दोन तुकड्यांत फाटला नसता. कणकवलीसारख्या मोठ्या गावांतून उड्डाणपूल झालेले आहेत. लहान नाक्याला तो मिळाला असताच असं म्हणवत नाही, पण मागणी नोंदवलेली तरी राहिली असती.

दुसरं, धंद्याच्या नुकसानीचं. मोबदला ठरवताना कमाईवर झालेला परिणाम आणि व्यवसायाची जागा बदलण्याचा वाजवी खर्च विचारात घेण्याची तरतूद कलम ३ग मध्ये आहे. आम्ही तो दावा केला नाही, कारण दाखवायला काही नव्हतं. चाळीस वर्षांचा हिशेब दादांच्या वह्यांत होता, पण त्या वह्या म्हणजे उधारीची नावं आणि दुधाचे लिटर. रस्त्यालगत दुकान असणाऱ्याने संपादनाची कुणकुण लागल्यापासून खरेदीच्या पावत्या जपल्या आणि बँकेतून व्यवहार केला, तर दोन वर्षांत पुरेसा पुरावा उभा राहतो.

तिसरं, बांधकामाची घाई. तयार रस्ता दिसेपर्यंत दुकान शेडमध्ये चालवलं असतं तर तो खर्च वाचला असता. मुलगा म्हणतो, गिऱ्हाईक तुटेल म्हणून घाई केली. त्याचंही खरं आहे; काम किती वर्षं चालणार हे कोणी सांगू शकत नव्हतं.

एक गोष्ट मात्र मी बदलणार नाही, ती म्हणजे नावांच्या नोंदी आणि संमतीपत्रासाठी घालवलेलं वर्ष. तेव्हा तो वेळ वाया गेल्यासारखा वाटत होता. शेजारच्या घराने तो दिला नाही, आणि त्यांची रक्कम अजून न्यायालयात आहे.

सध्या गावाचा एक अर्ज प्रलंबित आहे. एसटीचा थांबा वर, महामार्गाच्या कडेला गेला आहे आणि नाक्यावरून तिथे चढायला वाट नाही. संरक्षक भिंत संपते तिथे मुलांनी भरावाच्या मातीत फावड्याने पायऱ्या पाडल्या आहेत. दर पावसात त्या वाहून जातात. नारळी पौर्णिमा झाली की दादांचा मुलगा आणि अजून दोघे जण त्या पुन्हा पाडतात, गणपतीला येणाऱ्यांना उतरता यावं म्हणून.